सहाच्या फोननंतरचा नवस

आमच्या शुक्रवारच्या बायबल वाचनात माणसांना रडवायचं काम माझ्याकडे होतं. कोणी नेमून दिलेलं नव्हतं, पण मी साक्ष द्यायला उभा राहिलो की बायका आधीच रुमाल काढून ठेवायच्या. हे मी कौतुकाने सांगतोय. कौतुक पुढे कुठे गेलं तेही सांगणार आहे, पण ओळीने.

भांडुपला चढावर आमची चार मजली सोसायटी आहे. तिच्यात आणि शेजारच्या दोन इमारतींत मिळून सात मराठी ख्रिस्ती घरं. कोणाचे आजोबा नगरकडून आलेले, कोणाचे जालन्याकडून. रविवारी चर्चमध्ये भेट होतेच, पण शुक्रवारची संध्याकाळ आमची स्वतःची. दर आठवड्याला एक घर आणि एक अध्याय. ज्याचं घर त्याने वाचायचं. हे सगळं उभं केलं तळमजल्यावरच्या बाईंनी. त्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी आमच्याकडे बघताना अजून हजेरी घेतल्यासारखं बघतात.

बाईंचा नियम एकच. वाचून उठायचं नाही, लावायचं. म्हणजे आज वाचलेलं वचन येत्या सात दिवसांत आपल्या घरात कुठे लागू पडतं ते शोधायचं, तसं वागायचं, आणि पुढच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर साक्ष द्यायची. साक्ष बाई एका लांब वहीत उतरवून घ्यायच्या.

माणसं मनापासून लावायची. एकाने दुसरा गाल पुढे करायचा अध्याय ऐकला. त्याची स्कूटरची जागा शेजाऱ्याने आधीच बळकावली होती, याने गाडीचीही देऊन टाकली. शेजाऱ्याने ती आनंदाने घेतली. आता तो भाऊ गाडी खाली मंडईपाशी लावून चढ चढत येतो आणि दर वेळी म्हणतो, "ब्रदर, वचन लावलं, पण पाय दुखतात." एका मावशीने दोन धन्यांची चाकरी करता येत नाही हे ऐकून आपल्या दोन मालिकांपैकी एक बंद केली. कोणती बंद करावी हे कळावं म्हणून तिने एक दिवस उपास धरला होता.

मी पाण्याचे फिल्टर विकतो. माझं पोट तोंडावर चालतं, आणि ते तोंड शुक्रवारी घरी ठेवून जाता येत नाही. हरवलेल्या मेंढराचा अध्याय झाला त्या आठवड्यात जोगेश्वरीला एका गिऱ्हाइकाची मांजर सापडत नव्हती. खरं सांगायचं तर ती कपाटावर बसली होती आणि तिची तीच खाली उतरली. साक्षीत मात्र मी तिच्यासाठी तीन गल्ल्या पालथ्या घातल्या, नाल्यात उतरलो, गुडघा फोडून घेतला. बाईंनी सगळं वहीत लिहिलं, नाल्यासकट. मावशीने माझ्या गुडघ्यासाठी हळद पाठवली.

इथपर्यंत कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या बायकोला डेंग्यू झाला. ती मुलुंडच्या एका दवाखान्यात होती. प्लेटलेट्सचा आकडा रोज खाली जात होता. ते दिवस मला रंगवून सांगता येत नाहीत, यावरून काय ते समजा. सातव्या दिवशी शुक्रवार आला. संध्याकाळी सहा वाजता मेहुण्याचा फोन आला की आकडा वर चढलाय, डॉक्टर म्हणतात धोका टळला, सोमवारी घरी सोडतील. मी तेव्हा रिक्षात होतो. रिक्षावाल्याला मिठी मारायची तेवढी राहिली.

तसाच बाईंच्या घरी गेलो, कारण बातमी आधी त्यांनाच सांगायची होती. दार उघडं होतं. आत पंधरा-सोळा माणसं गुडघे टेकून बसलेली, डोळे मिटलेले, माझ्या बायकोचं नाव सगळ्यांच्या ओठांवर. मी चपला काढत होतो तेव्हा एकाने डोळे उघडले, मग हळूहळू सगळ्यांनी. इतके तयार चेहरे मी जन्मात पाहिले नव्हते. मला म्हणायचं होतं, ती वाचली. दोन शब्द. पण दोन शब्दांत ती संध्याकाळ आटोपली असती. चहा आला असता, बिस्किटं आली असती.

मी ते दोन शब्द म्हणालो नाही. खोलीच्या मधोमध गेलो, गुडघ्यांवर कोसळलो, जे मला चांगलं जमतं, आणि हात वर करून म्हणालो, "प्रभू, ती घरी आली, तर माझी एकुलती एक मुलगी मी तुझ्या सेवेला वाहतो."

मुलगी दहा वर्षांची होती. ती त्या वेळी मामीकडे बसून गणितं सोडवत होती.

सोमवारी बायको घरी आली. सगळे म्हणाले, बघा. मीही म्हणालो, बघा. सहाच्या फोनचं मी कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

त्या संध्याकाळी बाईंचा मुलगा दाराशी बसला होता. चोवीस वर्षांचा, एका कॉलेजात शिकवायची नोकरी हातात आलेली. त्याला मात्र ओढ होती गडचिरोलीच्या पलीकडे जंगलातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत सेवेला जाऊन राहायची. बाई दोन वर्षं त्याला अडवून होत्या. नवरा अंथरुणाला खिळलेला आणि मुलगा एकुलता. मी उठून गेल्यावर त्या त्याला म्हणाल्या, "हे भाऊ आपलं लेकरू देतायत आणि मी धरून बसलेय. जा तू." हे मला कसं ठाऊक, तर पुढच्या शुक्रवारी त्यांनीच साक्षीत सांगितलं. मी अगदी समोर बसलो होतो. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं आणि "आमेन" म्हणालो.

तो गेला. वडील वारले तेव्हा दोन दिवस आला. त्यानंतर आलेला नाही.

माझी मुलगी मात्र सगळ्यांची झाली. तिच्या वाढदिवसाला बाकीच्या सहाही घरांतून काहीतरी यायचं, आणि ते नेहमी एकाच दिशेचं असायचं. आधी चित्रांचं बायबल, मग चेन असलेलं कव्हर, मग बायबलवरचा जाडजूड टीकाग्रंथ. तिने केस कापले तेव्हा मावशी हसत म्हणाली, "सेवेला जाणाऱ्या मुलीला शोभेल का गं?" ती कॉलेजच्या पिकनिकहून उशिरा आली तेव्हा गाडी खाली लावणाऱ्या भावाने जिन्यात तिला थांबवून विचारलं, "आता किती वर्षं राहिली?" कोणी रागावत नव्हतं, कोणी दटावत नव्हतं. सगळे नुसते हसून वाट बघत होते. शेतात उभं पीक असलं की माणसं बांधावर उभी राहून बघतात ना, तसे.

यंदा ती पदवीधर झाली. बाकीच्या सहाही घरांनी मिळून तिला मरून रंगाची चाकांची बॅग दिली. ती टीव्हीखाली लेबलासकट उभी राहिली. चार दिवसांनी बाई गुडघ्याला पट्टा बांधून तीन जिने चढून आल्या आणि बायबल कॉलेजचा प्रवेशअर्ज देऊन गेल्या. शाळेत असताना मुलांचे अर्ज भरायच्या तशा सुवाच्य अक्षरात पूर्ण भरलेला. खाली मुलीच्या आणि माझ्या सहीची जागा तेवढी कोरी. शेवटची तारीख शनिवारची होती.

मुलीला गोरेगावच्या एका स्टुडिओत ॲनिमेशनची नोकरी लागली होती. सोमवारपासून रुजू व्हायचं होतं. हे फक्त आम्हा तिघांना माहीत होतं.

"पप्पा, तू सांगणार की मी सांगू?" ती म्हणाली.

"मी सांगतो. योग्य वेळ बघून."

"गेल्या वर्षीपण हेच म्हणाला होतास."

"अगं, अशा गोष्टींना जरा वळण देऊन सांगावं लागतं."

"वळणच तर दिलंयस. अकरा वर्षं गोल गोल फिरतेय मी." बॅगेवर पाय ठेवून ती बुटांची नाडी बांधत होती. "आणि एक सांग, ते जे काय बोललास ना, मला विचारलं होतंस?"

मी म्हणालो, "तू लहान होतीस."

"मग थांबायचं होतंस ना मी मोठी होईपर्यंत."

बायकोचा जीव या नवसामुळे वाचला असं तिला गेली अकरा वर्षं सगळे सांगत होते, त्यामुळे या विषयावर तिला बोलायची सोयच उरली नव्हती. कधी कधी ती मुलीकडे असं बघायची, की जणू मुलीची एखादी वस्तू चुकून आपल्याकडे राहिलीय.

आता त्या शुक्रवारचं. वर्षभराच्या वाचनाचा तक्ता बाई जानेवारीतच करतात. यंदा बायबलमधलं शास्ते हे पुस्तक चाललं होतं. रविवारी चर्चहून आल्यावर मी तक्त्यात पाहिलं. येता शुक्रवार, आमचं घर, अध्याय अकरावा. म्हणजे इफ्ताह.

ज्यांना हा माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इफ्ताह हा लढवय्या. लढाईला निघताना त्याने नवस केला, की मी जिंकून परत आलो, तर माझ्या घराच्या दारातून जे पहिलं मला सामोरं येईल ते देवाला होमबली म्हणून देईन. तो जिंकला. परत आला. दारातून डफ वाजवत, नाचत त्याची मुलगी बाहेर आली. एकुलती एक.

मी तक्ता घडी करून खिशात ठेवला. मग बाहेर काढून परत पाहिला. अध्याय बदललेला नव्हता.

संध्याकाळी बाईंकडे गेलो.

"सलाम बाई. या शुक्रवारी आमच्याकडे जरा अडचण आहे. रंगाचं काम काढलंय."

"कुठला रंग?"

"पांढरा."

"मग बसू की आम्ही पांढऱ्यात," बाई म्हणाल्या. चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "भाऊ, अकराव्या अध्यायाला घाबरलात?"

"छे. मी कशाला घाबरू."

"मी घाबरले होते. तक्ता लिहिताना तुमचं घर त्या ओळीवर आलं, तेव्हा पेन खाली ठेवला मी. वाटलं, एक आठवडा मागेपुढे करावं. मग म्हटलं, आपण कोण बदलणार? आलंय ते आलंय." मग त्या हसल्या. बाई फार कमी हसतात, आणि हसल्या की मला नेहमी शाळेची घंटा व्हायच्या आधीची शांतता आठवते. "अर्ज भरलात?"

"बघतो."

"शनिवार शेवटचा हं."

त्यांच्या भिंतीवर मुलाचा फोटो होता. मागे झाडं, पुढे तो, बराच वाळलेला. मी तिकडे पाहिलं, आणि चपला घालून वर निघालो.

तो आठवडा मी कसा काढला ते विचारू नका. घरी आलो की बेल वाजवत नव्हतो. दार उघडायला पहिली मुलगीच यायची, लहानपणापासूनची सवय. मी खिशातली किल्ली काढून चोरासारखा आत शिरायचो. गुरुवारी तिने आतून कडी लावली होती. मी बाहेर उभा राहिलो, दहा मिनिटं, तोंडाला कुलूप लावून. शेवटी तिनेच दार उघडलं आणि म्हणाली, "काय रे, बेल बिघडली?" हसत होती. दारातून पहिली मला सामोरी आलेली तीच. मी असल्या गोष्टी मानत नाही. मी फक्त त्या इतरांना सांगतो.

शुक्रवारी सातला सगळे जमले. खुर्च्या कमी पडल्या, माणसं जमिनीवर बसली. सगळ्यांनी अध्याय आधी वाचला होता आणि सगळे माझ्या मुलीकडे मायेने बघत होते. त्या मायेने मला घाम फुटला. अर्ज मेजावर होता, त्यावर बाईंनी आणलेला पेन.

"मी वाचते," मुलगी म्हणाली.

मी म्हणालो, "नको, मी वाचतो."

"ज्याचं घर त्याने वाचायचं ना? माझंपण घर आहे."

तिने वाचलं. माझ्यासारखं आवाज चढवून-उतरवून नाही. बसच्या थांब्यांची यादी वाचावी तसं सरळ. त्यामुळे प्रत्येक शब्द ऐकू आला. संपल्यावर तिने पुस्तक मिटलं नाही. म्हणाली, "दोन गोष्टी विचारू? एक, हिचं नावच दिलेलं नाही. बापाचं आहे, गावांची आहेत, हिचं नाही. आणि दुसरं. ती दारात आल्यावर तो कपडे फाडतो आणि तिलाच म्हणतो, तू मला संकटात टाकलंस. ती नुसती दारात आली होती."

बाईंनी वही उघडली. "आता लावू या. भाऊ, घर तुमचं. सांगा, हे वचन तुमच्या घरात कुठे लागतं?"

मी उभा राहिलो. सवयीने मावशीने रुमाल काढला. ते बघून माझी जीभ आपोआप तयारीला लागली. तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा माझ्याकडे एक फार सुंदर भाषण होतं. त्यात मी आधी रडणार होतो, मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवणार होतो, आणि शेवटी मंडळींनीच तिला मोकळं केलं असतं. मी तोंड उघडलं आणि मुलीकडे पाहिलं. ती माझ्याकडे अशी बघत होती, की याला आता किती वेळ लागेल.

"मला सहा वाजता फोन आला होता," मी म्हणालो.

"कुठला फोन?" बाई म्हणाल्या.

"ही दवाखान्यात होती तेव्हा. त्या शुक्रवारी. मेहुण्याचा. धोका टळला, सोमवारी सोडतील म्हणाला. मी तुमच्याकडे सातला आलो. नवस केला तेव्हा ती येणार हे मला माहीत होतं."

इतकं लहान भाषण मी आजवर केलेलं नाही. बायको हळूच म्हणाली, "दादा म्हणाला होता मला, की तुम्हाला सहालाच सांगितलं. मी कधी जोडून पाहिलं नाही." आणि तिने खाली बसून घेतलं. मावशीने रुमाल परत पिशवीत ठेवला.

बाई वहीची पानं मागे नेत होत्या. अकरा वर्षं मागे. हवं ते पान सापडलं तशा थांबल्या आणि बोटाने ओळ धरून वाचत राहिल्या. मग वही बाजूला ठेवून त्यांनी पर्समधून मोबाईल काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन माझ्या हातात दिला.

"हे त्याला सांगा. मला ऐकू द्या."

"बाई..."

"सांगा भाऊ. बोलायला तुम्हाला कुठे शिकवावं लागतं."

पलीकडे रिंग जात होती. मी मनात म्हणत होतो, रेंज नसू दे. जंगलात कुठे असते रेंज. त्याने उचलला.

"हां आई."

"आई नाही, मी," मी म्हणालो आणि सांगितलं. तीच चार वाक्यं. पलीकडे मागे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.

"काका, आई आहे का तिथे?"

बाईंनी मान हलवली. नाही म्हणा.

"नाही," मी म्हणालो. माझं त्या संध्याकाळचं एकमेव खोटं, आणि तेही बाईंनी सांगितलेलं.

"मग तिला हे कळू देऊ नका. कळलं तर ती मला ये म्हणेल. आणि ती ये म्हणाली ना काका, तर मी इथे एक दिवस राहणार नाही. मला जमत नाहीये इथे. पहिल्या वर्षापासूनच जमत नाहीये. तिने एवढं सोडून मला पाठवलं म्हणून... तुम्ही फक्त तिला सांगू नका."

बाई ताठ बसल्या होत्या. पट्ट्याच्या गुडघ्यावर दोन्ही हात. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तेवढ्यात माझी मुलगी उठली, माझ्या हातातून फोन घेतला, स्पीकर बंद केला. "दादा, मी बोलतेय," म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं.

आम्ही बसून राहिलो. कोणी प्रार्थना केली नाही, कोणी चहा मागितला नाही. एकदा मी दाराकडे सरकलो, तेव्हा बायको म्हणाली, "बसा." बऱ्याच वेळाने दार उघडलं. "बाई, आत या, तो थांबलाय," मुलगी म्हणाली. बाई गेल्या. मुलगी बाहेर आली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली, माझ्याकडे बघत. आत काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही. जन्मभर मी लोकांना त्यांच्या घरात काय घडलं ते सांगत आलो, आणि माझ्याच स्वयंपाकघरातलं मला कोणी सांगत नाही.

बाई जाताना सह्यांशिवाय राहिलेला अर्ज घेऊन गेल्या. वही आमच्याकडेच राहिली. सोमवारी मुलगी गोरेगावला रुजू झाली.

पुढच्या शुक्रवारी वाचन बाईंकडे होतं. सातला आम्ही सगळे तळमजल्यावर उतरलो, तर दाराला कुलूप. फोन लागत नव्हता. गाडी खाली लावणारा भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, "ब्रदर, त्या एकट्या कुठे जात नाहीत. भाजीलाही तुमची मुलगी सोबत लागते त्यांना." मावशीने खिडकीतून आत पाहिलं. भिंतीवर मुलाचा फोटो नव्हता.

माझी मुलगी तेवढ्यात कामावरून आली. गर्दी बघून थांबली.

"गडचिरोलीला गेल्यात," ती म्हणाली. "काल. तिकीट मीच काढून दिलं."

"या गुडघ्यांनी?" मावशी म्हणाली. "आणि कोणाला न सांगता?"

"मला सांगितलं ना."

"परत कधी येणार?" मी विचारलं.

"परतीचं नको म्हणाल्या," ती म्हणाली आणि आमच्यामधून वाट काढून जिना चढून गेली.